तळं उघडायचा हक्क

बुधवारी दुपारी दोनला वीस मिनिटं असताना आमच्या वर्गाच्या भिंतीवरची फोनची पिशवी एकदम थरथरली. सव्वीस कप्पे, सव्वीस फोन, आणि सगळे एकाच क्षणी. टेर्पस्ट्रा बाई फळ्यावर घर्षणाचं गणित मांडत होत्या. त्या वळल्या.

"कुणाचा फोन आहे?"

"सगळ्यांचाच, बाई," हारमेन म्हणाला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो बाकावरून उठलाच. "तळं उघडलं!"

वर्गात जो काही गोंधळ उडाला तो विचारूच नका. आठ दिवस थंडी कडाडून पडली होती, सगळ्यांच्या सायकलींना स्केट लटकत होते, आणि गेल्या तीन वर्षांत आमच्या गावाचं तळं एकदाही उघडलं नव्हतं. मीही एक सेकंद ओरडले. एकच सेकंद. कारण सकाळची नोंद मी स्वतः वाचली होती, बर्फ साडेचार सेंटिमीटर. आणि ज्या साईटवरून तो मेसेज आला होता ती साईट माझी होती.

आमच्या टेरवीनमध्ये तळं गोठलं म्हणून ते उघडत नाही. हिल्केकाका म्हणतील तेव्हा उघडतं. ते गावच्या स्केटिंग क्लबचे बर्फपाल, म्हणजे बर्फाचे राखणदार. हातात गिरमिट घेऊन रोज एकोणीस ठिकाणी भोक पाडतात, पट्टी घालतात, आणि सगळीकडे सात भरल्याशिवाय नगराध्यक्षांनाही पाय ठेवू देत नाहीत. जळणासाठी पीटची माती खणून झालेलं ते तळं आहे, मध्यभागी दोन पुरुष खोल. पूर्वी उघडल्याची खूण म्हणून क्लबच्या काठीवर झेंडा चढायचा आणि एकाने तिघांना, तिघांनी नऊजणांना फोन करायचे. या शरदाच्या सुट्टीत मी क्लबसाठी साईट बनवली. झेंड्याऐवजी बटण. हिल्केकाकांनी दाबलं की सहाशे चाळीस फोन वाजणार. क्लबच्या सभेत मी ती दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या आणि तेव्हापासून मी गावात थोडी ताठ मानेनं चालायला लागले होते.

"बाई, मला फोन द्या. ती साईट माझी आहे. हे खोटं आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पिशवीतून माझा फोन काढून दिला. मी मुख्य पासवर्ड टाकून तळं बंद केलं आणि 'चुकून गेलेला मेसेज, कुणीही बर्फावर जाऊ नये' असं पाठवलं. चार मिनिटं गेली होती. चार मिनिटांत आमच्या गावातली पोरं कुठवर पोचतात हे मला चांगलं माहीत आहे.

तास सुटल्यावर सहा किलोमीटर सायकल मी कशी मारली ते आठवत नाही. तळ्याच्या फाटकात हिल्केकाका केरसुणी आडवी धरून उभे होते. समोर शंभरेक माणसं, निम्मी पायात स्केट चढवून.

"एकही आत गेला नाही," ते मला म्हणाले. "दोघं कुंपणावर चढले होते, त्यांना केरसुणीनं उतरवलं." मग म्हणाले, "वित्स्के, उघडलं कुणी?"

मला उत्तर माहीत नव्हतं. सगळ्या गावाला मात्र माहीत होतं. आक्केआजींनी.

आक्केआजी तळ्याकाठी सूप-टपरी चालवतात. वाटाण्याचं सूप असं घट्ट, की चमचा उभा राहतो. त्या दुपारी तळ्याकाठचे बोरू, म्हणजे उंच पाणगवत, कापणारी चार माणसं टपरीशी आली, त्यांच्यासाठी आजींनी चूल पेटवली आणि साईटवर आपलं 'टपरी सुरू' बटण दाबलं. नेमकं एक वाजून चाळीस मिनिटांनी. क्लबचे अध्यक्ष डाउवे होकस्ट्रा तोपर्यंत तिथे येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून गेले होते, "वय झालं की बोट घसरतंच. म्हाताऱ्या माणसाच्या हाती अशा गोष्टी द्यायच्याच नसतात."

मी टपरीत शिरले तेव्हा आजी पातेलं इतकं जोरात ढवळत होत्या की सूप बाहेर उडत होतं.

"बोट घसरलं म्हणे! या बोटांनी मी एकतीस वर्षं पाव कापलाय. एकदाही घसरलं नाही. पोरी, मी टपरी उघडली. तळं बिळं मला दिसतच नाही त्या तुझ्या साईटवर."

"दिसतच नाही, आजी. ते बटण फक्त काकांना दिसतं."

"मग?"

मग मी पाव ठेवायच्या फळीवर लॅपटॉप टेकवला आणि नोंदी उघडल्या. माझ्या साईटचे दोन भाग आहेत. पुढचा भाग सगळ्यांना दिसतो, तिथे नाव सांगून आत यायचं, ज्याची त्याची बटणं ज्याला त्याला. मागे दुसऱ्या सर्व्हरवर बर्फवही. तिच्यात जाडी, तापमान, तळं खुलं की बंद हे सगळं असतं, आणि सहाशे चाळीस फोन वाजवते ती बर्फवहीच. कुणी पुढे बटण दाबलं की साईट आतल्या आत बर्फवहीला निरोप धाडते.

साईटच्या नोंदीत लिहिलं होतं: आक्के, १३:४०, टपरी सुरू. बरोबर. बर्फवहीच्या नोंदीत लिहिलं होतं: साईट, १३:४०, टपरी सुरू, तळं खुलं.

पहिली चूक मला लगेच सापडली आणि लाजेनं कान तापले. आजींचं पान बनवताना मी हिल्केकाकांच्या पानाचा कोड उचलून डकवला होता. त्यातला 'तळं खुलं' हा शब्द पुसायचा राहिला होता. एका ओळीचं काम. पुसला की झालं.

मी पुसायला बोट उचललंही होतं. पण नजर पुन्हा त्या नोंदीवर गेली. साईट. त्याच्या वर, साईट. त्याच्या वर, साईट. पूर्ण महिनाभराच्या नोंदींत एकाही माणसाचं नाव नव्हतं.

"काय झालं? असं तोंड का केलंस?"

"आजी, बर्फवहीला माणूस माहीतच नाही. तिला फक्त साईटचा आवाज येतो. साईट म्हणाली तळं उघड, की ती उघडते. कुणाच्या सांगण्यावरून, हे विचारतच नाही."

आजींनी ढवळणं थांबवलं. "म्हणजे आमच्या खिडकीसारखं."

"कुठल्या खिडकीसारखं?"

"अगं, मागच्या वेळी तळं उघडलं होतं तेव्हा. मी आत चुलीपाशी, खिडकीत माझी भाची. ती ओरडणार 'दोन सूप, एक बेरेनबर्ग', की मी ओतणार. दारू कुणी मागितली ते मला थोडंच दिसतं? तिसऱ्या दिवशी कळलं, ते बेरेनबर्ग तुमच्या शाळेतली तेरा वर्षांची कार्टी पीत होती. त्यातला एक तर सूपही नको म्हणायचा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"खिडकी काय म्हणते त्यावर ओतणं बंद केलं. बाटली हवी तर पुढं ये, तोंड दाखव."

मी त्यांना मिठी मारली. माझ्या जाकिटाला सूप लागलं ते लागलंच.

संध्याकाळी सात वाजता क्लबच्या खोलीत समिती बसली. अध्यक्षांनी खुर्चीत बसताबसताच सुरुवात केली. "दोन ठराव. आक्केबाईंचं खातं बंद, आणि साईट बंद. झेंडा काही वाईट नव्हता."

आधीची मी असते तर खाली मान घालून बसले असते. पण हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तर मीच होते.

"आजींचं काहीही चुकलेलं नाही," मी उभी राहिले. "माझं चुकलं. दोनदा. एक चूक बारीक आहे, ती आज दुपारीच पुसली. दुसरी मोठी आहे. आतल्या सर्व्हरला मी सांगून ठेवलं होतं की जे आतून येतं ते खरंच असतं. आज आजींच्या बटणानं उघडलं, उद्या तापमापकानंही उघडलं असतं."

"तापमापकानं?" हिल्केकाकांच्या भुवया वर गेल्या. "फळीवर खिळा ठोकून लावलाय तो?"

"हो. तोही बर्फवहीशी त्याच पासवर्डनं बोलतो."

अध्यक्ष म्हणाले, "बघा. ही स्वतःच सांगतेय. बंद करा."

हिल्केकाका कमी बोलतात, आणि गावाला ते माहीत असल्यामुळे त्यांच्यासाठी सगळे थांबतात. "शुक्रवारी शाळा सुटल्यावर," ते शेवटी म्हणाले. "सगळ्यांसमोर दाखव, की माझ्याशिवाय कुणीही तळं उघडू शकत नाही. कुणीही. एकाला जरी जमलं तर मीच झेंडा चढवतो आणि ही साईट कायमची बंद."

दोन दिवस. खरं तर दीड, मधे फ्रेंचची चाचणीसुद्धा होती. ती कशी गेली ते विचारू नका.

गुरुवारी शाळेतून आल्यापासून मी बसले. आता कुणीही बटण दाबलं की साईटनं नुसता निरोप न्यायचा नाही. दाबणाऱ्याचं नाव असलेली, शिक्का मारलेली चिठ्ठीही बरोबर न्यायची. चिठ्ठी दहा मिनिटांत शिळी होते, आणि शिक्का साईटला स्वतःला मारता येत नाही, तो नाव तपासणारा वेगळा सर्व्हरच मारतो. बर्फवही शिक्का स्वतः बघते, मग स्वतःच्या यादीत बघते. आक्के: टपरी, बाकी काही नाही. तापमापक: तापमान लिही आणि गप्प बस. अध्यक्ष: सभेच्या सूचना. हिल्के: जाडी आणि तळं. चिठ्ठी नसेल तर साईट कितीही ओरडली तरी नाही. हे सगळं लिहिताना मी इतकी खूश होते की आईनं दोनदा विचारलं, कुणाचा मेसेज आलाय का.

मग यादीत शेवटचं नाव उरलं. माझं.

माझ्याकडे मुख्य पासवर्ड होता. बुधवारी त्याच्यामुळेच तर चार मिनिटांत तळं बंद करता आलं. अडीअडचणीला असावा, असं मन म्हणत होतं. मी स्वयंपाकघरात गेले, चीजचा तुकडा खाल्ला, परत आले. हिल्केकाका 'कुणीही' म्हणाले होते. मी 'कुणीही'मध्ये येत नाही का? म्हणून मी स्वतःला 'बंद कर' एवढीच परवानगी ठेवली, आणि आजींना, अध्यक्षांना, सगळ्या समितीलाही. धोका दिसला तर कुणालाही तळं बंद करता यावं. उघडणं मात्र एकट्या काकांचं. मुख्य पासवर्ड मी पुसून टाकला. नवा कोड चढवायचा किंवा यादी बदलायची, तरी आधी काकांच्या फोनवर होकार मागितला जाईल अशी व्यवस्था केली. रात्रीच्या जेवणाआधी तो होकार मी त्यांच्याकडून घेतला, आणि त्यानंतर मी स्वतःच्याच साईटमध्ये पाहुणी झाले.

शुक्रवारी साडेतीन वाजता क्लबची खोली भरून लोक बाहेर उभे होते. मी भिंतीवर बर्फवहीच्या नोंदी मोठ्या करून लावल्या. हिल्केकाका गिरमिट घेऊन तळ्यावर मोजायला गेले होते. "तुम्ही चालू करा," म्हणाले होते, "मला उजेड आहे तोवर मोजायचंय."

चाचणीसाठी मी 'तळं खुलं' बटण आज सगळ्यांच्याच पानावर ठेवलं होतं. सगळ्यांनी आपापल्या फोनवरून प्रयत्न केला. हारमेनला कोड येतो, त्यानं दुसऱ्याच्या जुन्या चिठ्ठीची नक्कल करून पाठवली. भिंतीवर उमटलं: चिठ्ठी शिळी, नाही. आक्केआजींच्या पानावर मी मुद्दाम तो बुधवारचा चुकीचा शब्द परत घातला होता, काकांच्या होकारासकट. आजींनी चष्मा सावरून बटण दाबलं. आक्के, टपरी: हो. तळं: नाही.

"मला नाही म्हणाली!" आजी टाळी वाजवून ओरडल्या. "आयुष्यात पहिल्यांदा नकार इतका गोड लागला."

आणि तेवढ्यात अध्यक्षांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा.

"शेजारचे आल्सवार्डवाले जाडी मोजतायत. तासाभरात उघडणार."

खोलीत एकदम हवा बदलली. तुम्हाला आमच्याकडचा बर्फज्वर माहीत नसेल तर सांगते, तो चढला की शहाणी माणसंही जागेवर राहत नाहीत. आसपासच्या सात गावांत जे तळं पहिलं उघडतं तिथे त्या हिवाळ्याची शर्यत होते. गेल्या दोन्ही वेळा आल्सवार्डनं नेली. अध्यक्षांचे वडील ती शर्यत दोनदा जिंकले होते.

ते खिडकीशी गेले. "कडेला सात आहे. सकाळी मी स्वतः पाहिलं. वित्स्के, उघड."

"मला उघडता येत नाही."

"चेष्टा नको. तूच बनवलंयस ना?"

"हो ना. म्हणूनच येत नाही. काल संध्याकाळी माझा हक्क मी काढून टाकला."

"स्वतःचा?" ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले की मी जणू आपलेच स्केट विकून टाकलेत. "अगं, घर बांधणारा स्वतःकडे एक किल्ली ठेवतोच!"

"तुम्ही ठेवता?" आजींनी मागून विचारलं. अध्यक्षांचा घरं बांधायचाच धंदा आहे. खोलीत निम्मे लोक त्यांनी बांधलेल्या घरांत राहतात. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"तसं नव्हे, आक्केबाई, म्हणजे बोलायची पद्धत..." असं म्हणत त्यांनी स्वतःचा फोन काढला. मला वाटलं मेसेज लिहितायत. पण भिंतीवर उमटलं: होकस्ट्रा, १५:५२, तळं, नाही. मग १५:५३, नाही. त्यांची भिंतीकडे पाठ होती. लोक हसू दाबत होते. १५:५४ ला त्यांनी सचिवाचा फोन मागून घेतला. सचिव, नाही. मग बुधवारचा मुख्य पासवर्ड, जो सभेच्या कागदावर कुणीतरी लिहून ठेवला होता. अनोळखी, नाही. तो त्यांनी पुन्हा पुन्हा टाकला. हारमेन तर जमिनीवरच बसला हसून हसून.

मला मात्र हसू येत नव्हतं. माझं सगळं यश त्या एका 'नाही'वर टांगलेलं होतं, आणि तो चुकीच्या वेळी 'हो' झाला असता तर फाटकाबाहेर उभी असलेली पोरं सरळ बर्फावर गेली असती. काका तिकडे दूर, मधोमध. केरसुणी धरायला आज फाटकात कुणी नव्हतं.

नऊदा. नऊदा नाही.

दार उघडलं आणि हिल्केकाका आत आले. मिशीत बर्फ. त्यांनी कुणाकडे न बघता फोन काढला आणि जाडी लिहिली. भिंतीवर उमटलं: हिल्के, बोरूशेजारी, साडेपाच.

"बदकांनी तिथे रात्रभर पाणी हलतं ठेवलंय," ते म्हणाले. "वर पांढरं दिसतं, खाली पोकळ. गिरमिट लोण्यात गेल्यासारखं गेलं." मग त्यांची नजर वरच्या ओळींवर गेली. ते सावकाश वाचत राहिले. "डाउवे. नऊ वेळा?"

"आल्सवार्ड उघडतंय, हिल्के," अध्यक्ष पुटपुटले.

"उघडू दे. त्यांच्या पुढे उघडायचं म्हणून मी एखाद्याच्या पोराला बोरूत शोधत बसू का?"

अध्यक्षांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मग ते जे म्हणाले ते मी कधी विसरणार नाही, कारण ते सोपं नव्हतं. "आक्केबाई, बुधवारी मी जे बोललो ते मागे घेतो. बोट माझं घसरलं. नऊदा." मग माझ्याकडे वळले. "साईट राहील. आणि माझं त्या यादीतलं 'नाही' कधीही 'हो' करू नकोस, मी कितीही मागे लागलो तरी."

"करायचं म्हटलं तरी मला येणार नाही," मी म्हणाले, आणि सगळी खोली अशी हसली की खिडक्या थरथरल्या.

संध्याकाळी कळलं, आल्सवार्डलाही मध्ये सहाच भरले होते. त्यांनीही उघडलं नाही.

शनिवारी पहाटे उणे अकरा होतं. सव्वानऊला हिल्केकाका शेवटचं भोक मोजून फाटकाशी आले. एकोणीस ठिकाणी आठच्या वर. सगळं गाव कुंपणाला टेकून उभं होतं. काकांनी हातमोजा काढला, फोनवर बोट ठेवलं. काही नाही. पुन्हा ठेवलं. तीन तास बर्फात राहिलेलं ते बोट फोनला बोटच वाटत नव्हतं.

"वित्स्के," ते वैतागून म्हणाले, "तू दाब गं. फोन माझाच आहे."

"नाही, काका," मी दोन्ही हात पाठीमागे नेले. "तुम्हीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि हिल्केकाका, जे नाताळलाही हसत नाहीत, ते हसले. आक्केआजींनी सुपाचा गरम वाडगा पुढे केला. काकांनी त्याच्याभोवती हात गुंडाळला, सावकाश वीसपर्यंत मोजलं, आणि बटण दाबलं.

त्यानंतर जो आवाज झाला तो फोनचा नव्हता, शेकडो स्केटचा होता, निदान मला तरी फोन ऐकू आले नाहीत. मी तेव्हा बर्फावर होते, वारा पाठीशी होता, आणि हारमेन माझ्या मागे राहिला होता.